लाल किती, तपकिरी किती

थोरल्या पुतण्याच्या लग्नाआधी रंगाऱ्याने भावाच्या दाराची एक फळी तपकिरी रंगवली आणि दुसरी लाल, ते हे वर्ष. पाहुण्यांना वाटलं, नवी फॅशन असेल. भाऊ म्हणाला, "अरे, लोक हसताहेत." रंगाऱ्याने "दोन घरं एक होताहेत, म्हणून दोन रंग," असं ठोकून दिलं आणि तोही सगळ्यांबरोबर हसला. मग तो घरामागे गेला, रंग ओतून घेतलेले दोन्ही बिननावाचे डबे उन्हात शेजारी शेजारी ठेवले आणि त्यांच्यापुढे कितीतरी वेळ उकिडवा बसून राहिला. दोन्हींत त्याला सारखाच चिखल दिसत होता.

हे त्याने कुणाला सांगितलं नाही. रंग न ओळखणाऱ्या रंगाऱ्याला कोण कामावर ठेवील? झाकली मूठ सव्वा लाखाची. शिवाय त्याच्यापाशी एक युक्ती होती. कंपनीच्या डब्यावर रंगाचं नाव छापलेलं असतं, आणि त्याला आता वाचता येत होतं. तरुणपणी तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा, पण अक्षरं त्याला फक्त काढता यायची, वेलबुट्टी काढावी तशी. वाचायला शिकवलं ते त्याच्या मुलीने, ती तिसरीत असताना. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी त्याने स्वतःच रंगवलेली एक पाटी पहिल्यांदा वाचली, आणि तिच्यात एक काना राहिल्याचं त्यालाच आधी दिसलं.

ती मुलगी म्हणजे मुंगी. अंगाने एवढीशी आणि सदा कामात, म्हणून आत्याने ठेवलेलं नाव. कॉलेजात गेली तरी ते सुटलं नाही. तिची आई ती पाच वर्षांची असताना गेली. तेव्हा रंगाऱ्याची मोठी बहीण, अक्का, एक ट्रंक घेऊन महिनाभरासाठी म्हणून आली होती. त्या महिन्याला आता पंधरा वर्षं झाली होती.

मुंगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती, विषय जीवशास्त्र. पुढे बी.एड. करून शाळेत शिकवायचं तिने ठरवलं होतं. अक्काला ते पटत नव्हतं.

"नर्स हो, नर्स. पोरांना बेडकाचं पोट फाडून दाखवण्यापेक्षा माणसाचं दुखणं बघ."

"आत्या, मला रक्त बघवत नाही. माणूस ओरडायला लागला की माझे हात थरथरतात. बेडूक निदान ओरडत तरी नाही."

"बेडूक ओरडत नाही?" अक्काने भावाकडे पाहिलं. "धाकल्या, हिला कॉलेजात तीन वर्षं काय शिकवलं रे?"

शेवटच्या वर्षाला प्रत्येकाला एक प्रकल्प असे. तो मंजूर झाल्याशिवाय परीक्षेला बसता येत नसे. परीक्षा हुकली की वर्ष जाणार, वर्ष गेलं की फीची सवलत जाणार, आणि सवलत गेली की कॉलेज. हे घरात तिघांनाही पाठ होतं.

मुंगीच्या वाट्याला माशा आल्या होत्या. घरातल्या मोठ्या माशा नव्हेत, पिकल्या केळ्यावर घोंघावतात त्या चिलटाएवढ्या. लाल डोळ्यांच्या आणि तपकिरी डोळ्यांच्या माशांची कॉलेजात जोडी लावली होती. त्यांची पोरं सगळी लाल डोळ्यांची निघाली. आता नातवंडं निघायची होती, त्यांत लाल किती आणि तपकिरी किती हे रोज मोजायचं होतं. प्रयोगशाळा दुसऱ्या परीक्षांसाठी अडकली होती म्हणून बाटल्या घरी दिल्या होत्या. सहा बाटल्या, तळाशी मक्याचं पीठ आणि गूळ घालून शिजवलेली खळ, तोंडाला कापसाचा बोळा. रंगाऱ्याचे ब्रश असायचे त्या फळीवर त्या ठेवल्या.

"लोक घरातल्या माशा हाकलतात," अक्का म्हणाली. "आमच्याकडे खाऊ घालून वाढवतात."

मोजायची रीत अशी. माशा काचेच्या नळीत घ्यायच्या, नळी बर्फात खुपसायची. दोन मिनिटांत त्या गारठून निपचित पडतात. मग बर्फाच्या ताटलीवर पांढरा कागद ठेवून त्यावर त्या पसरायच्या, आणि भिंगातून बघत मऊ ब्रशने वेगळ्या करायच्या. त्यासाठी रंगाऱ्याने आपला शून्य नंबरचा ब्रश दिला, खारीच्या केसांचा, पाट्यांवरची बारीक रेघ ओढायचा. वीस वर्षं त्याने त्या ब्रशला कुणाला हात लावू दिला नव्हता.

पहिले दोन दिवस मुंगीने मोजलं. पहिल्या दिवशी एक्केचाळीस आणि सतरा. दुसऱ्या दिवशी बावन्न आणि तेरा. तिसऱ्या दिवशी सकाळी अक्काला उठता येईना. पाय खांबासारखे सुजले होते आणि दोन शब्द बोलली की दम लागत होता. इस्पितळात डॉक्टरांनी मूत्रपिंडं निकामी होत चालल्याचं सांगितलं आणि तिला ठेवून घेतलं. बायकांच्या वॉर्डात पुरुषाला थांबू देत नसत. म्हणजे थांबायचं ते मुंगीनेच.

तिने बापाला वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसवून समजावलं. "बाबा, सकाळी सातला मोजायच्या. बर्फ आणायचा, मी दाखवलं तसं. लाल डोळे एका बाजूला, तपकिरी एका बाजूला. मोजलेल्या साबणाच्या पाण्यात टाकायच्या. आकडे माझ्या वहीत लिहायचे. जमेल ना?"

"रंग ओळखायचे आणि मोजायचे," रंगारी म्हणाला. "माझं कामच ते."

"साधारण तीनास एक येतं. लाल तीन असतील तर तपकिरी एक. फार वेगळं आलं तर मला सांगा."

दुसऱ्या दिवशी सात वाजता तो खिडकीशी बसला. ताटलीत बर्फ, बर्फावर कागद, कागदावर माशा. भिंग डोळ्याला लावलं. पाय दिसले, पंख दिसले, पोटावरचे पट्टेही दिसले. डोळ्यांच्या जागी प्रत्येकीला सारखाच एक काळपट ठिपका होता. त्याने ताटली उन्हात नेली, सावलीत नेली. एक डोळा मिटून पाहिलं, मग दुसरा. भावाच्या घरामागचा चिखल कागदावर शिंतडला होता. डब्यांना लेबल असतं. माशांना नव्हतं.

तेवढ्यात एक माशी पाय झाडायला लागली, मग दुसरी.

त्याने घाईघाईने सगळ्या मिळून मोजल्या. पाच पाच रेघांचे गठ्ठे केले. शहाऐंशी भरल्या. मुंगीला सांगावं तर ती अक्काला एकटीला टाकून येणार. शिवाय सांगायचं काय? बाप रंगारी आहे आणि त्याला लाल दिसत नाही, असं? उद्या ऊन चांगलं पडेल, उद्या दिसेल, असं त्याने मनाशी धरलं. तीनास एक म्हणाली होती. त्याने शहाऐंशीला चारने भागलं. दोन माशा उरल्या, त्या काही केल्या बसेनात, म्हणून त्या त्याने धरल्याच नाहीत. वहीत लिहिलं, लाल त्रेसष्ट, तपकिरी एकवीस. आकडे पाटीवर काढावेत तसे सुबक काढले.

साबणाच्या पाण्यात मात्र त्याला माशा टाकवेनात. अक्का तिकडे श्वासासाठी तडफडत असताना इकडे काही बुडवून मारायला त्याचा हात होईना. त्याने ताटली खिडकीबाहेर धरली. ऊन लागलं तशा त्या एकेक करून उडून गेल्या.

दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं पडलं. दिसलं काहीच नाही. असे सहा दिवस गेले.

रोज संध्याकाळी मुंगी वॉर्डाच्या दाराशी यायची, वहीवरून नजर फिरवायची आणि म्हणायची, "छान येताहेत, बाबा." तिचे डोळे झोपेने तारवटलेले असत. आकडे बरोबर येताहेत एवढंच तिला पुरत होतं. रंगारी वही मिटून घ्यायचा. तो विचारायचा, "अक्का कशी आहे?" आणि ती म्हणायची, "तशीच."

सहा तारखेला वही कॉलेजात दाखवायची होती. त्या दिवशी शेजारणीला दोन तास अक्कापाशी बसवून मुंगी गेली. दुपारी परत आली ती वॉर्डात गेलीच नाही. जिन्यात रंगारी बसला होता, त्याच्यापुढे उभी राहिली. चेहरा कागदासारखा झाला होता.

"बाबा, माशा तुम्हीच मोजल्या ना?"

"मोजल्या की."

"रोज?"

"रोज. सातच्या ठोक्याला."

"मॅडमनी वही माझ्यापुढे सरकवली. म्हणाल्या, हे पहिले दोन दिवस माशांनी दिलेत, आणि हे सहा दिवस माणसाने. त्रेसष्ट-एकवीस, अठ्ठेचाळीस-सोळा, बहात्तर-चोवीस. म्हणाल्या, आयुष्यभर माशा मोजल्या पण एकही दिवस असा नेमका चारने भागून आला नाही. खोटे आकडे लिहिणारी मुलगी उद्या शाळेत काय शिकवणार, म्हणाल्या. मोजलेल्या माशा दाखव म्हणाल्या. त्या कुठायत?"

"सोडून दिल्या."

मुंगी त्याच्या शेजारी पायरीवर बसली. "काकांचं ते दोन रंगांचं दार," ती म्हणाली. मग तिने ओढणीच्या गाठीतून अक्काच्या गोळ्या काढल्या, दोन वेगळ्या पाकिटांतल्या, आणि तळहातावर धरल्या.

"यातली लाल कुठली?"

रंगाऱ्याने गोळ्यांकडे पाहिलं. मग मुलीकडे पाहिलं. उजवीकडच्या गोळीवर बोट ठेवलं.

"दोन्ही तपकिरी आहेत, बाबा."

जिन्यातून एक आयाबाई बादली घेऊन खाली गेली. दोघांनी पाय आवरून तिला वाट दिली.

"कधीपासून?"

"लग्नाच्या दाराआधीपासून थोडं थोडं. तेव्हा कळलं."

"आणि मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, माझं कामच ते."

"तू इथून हलली असतीस. अक्काजवळ कोण होतं?" रंगारी म्हणाला. "आणि मुकादमाला कळलं असतं तर घरी बसवलं असतं. मला वाटलं, तीनास एक यायचंच आहे तर मी लिहिलं काय आणि माशांनी लिहिलं काय."

मुंगी रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती नुसती म्हणाली, "मी मॅडमना सांगितलं नाही की तुम्ही मोजलंत. दुसऱ्याकडून मोजून घेणं हीसुद्धा चोरीच. काही बोलले असते तरी वर्ष जात होतं, नाही बोलले तरी जाणारच." मग थोड्या वेळाने म्हणाली, "यापुढे माझ्यापासून काही लपवायचं नाही. कितीही वाईट असलं तरी. तिथल्या तिथे सांगायचं."

"सांगेन," रंगारी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो कामाचेच रंगाचे शिंतोडे उडालेले कपडे घालून कॉलेजात गेला. प्रयोगशाळेत मॅडम एकट्याच बसल्या होत्या, पन्नाशीच्या, चष्मा साखळीला अडकवलेला. त्याला वाटलं होतं बसायला सांगतील, पण त्यांनी सांगितलं नाही, म्हणून तो उभ्यानेच बोलला.

"सहा दिवसांचे आकडे माझे आहेत. पोरीचे नाहीत. मी रंगारी आहे आणि मला रंग दिसत नाहीत. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हाला पहिल्यांदा सांगतोय."

मॅडमनी विचारलं, "चारने भागून उरायच्या त्या माशांचं काय करत होता?"

"धरत नव्हतो."

त्या हसल्या नाहीत. उठल्या, कपाटातून चार बाटल्या काढल्या. "ही त्याच जोड्यांची पोरं आहेत, सगळी लाल डोळ्यांची. आजपासून अंडी घातली तर सतरा तारखेला माशा निघायला लागतील. प्रकल्प एकवीसला बंद होतो, एक दिवसही पुढे जाणार नाही. चार सकाळी मिळतील. तीनशे माशा हव्यात, मोजलेल्या सगळ्या या स्पिरिटच्या बाटलीत टाकून आणून द्यायच्या. तिने स्वतः मोजायच्या." आणि तो दाराशी पोचल्यावर म्हणाल्या, "डोळे तपासून घ्या. मोतीबिंदू असेल तर उपाय आहे."

तिथून तो तसाच मुकादमाकडे गेला आणि त्यालाही सांगितलं. मुकादमाने डोक्यावर हात मारला. "तरीच त्या बंगल्याच्या खिडक्या." त्याने रंगाऱ्याला काढलं नाही, पण ब्रश काढून घेतला. भिंती घासायच्या, भेगांत लांबी भरायची, अस्तर मारायचं, असं पोरासोरांचं काम दिलं. साठीला आलेला माणूस पॉलिश पेपर हातात घेऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

अक्का त्या दहा दिवसांत अर्धी झाली. सूज उतरली तशी आत हाडंच उरली होती. सोळा तारखेला संध्याकाळी मुंगी तिच्या उशाशी बसून होती. भेटीची वेळ होती म्हणून रंगाऱ्यालाही आत सोडलं होतं.

"उद्यापासून सकाळी मी नसेन, आत्या. चार दिवस फक्त. सहाला जाईन, दहाला येईन."

"माशा निघणार?"

"हो."

"मग जा की. त्या माझ्यासाठी थांबणार आहेत होय?" अक्काने दम घेतला. "आणि नीट मोज. बापावर जाऊ नकोस."

"मी इथेच उभा आहे, अक्का," रंगारी म्हणाला.

"दिसतोयस. मला अजून दिसतं."

मुंगी हसता हसता रडायला लागली. अक्काने तिचा हात धरला आणि मग बरंच थांबून म्हणाली, "शिक्षिकाच हो बाई. नर्सला फार वाईट बघावं लागतं." त्यानंतर ती फारसं बोलली नाही.

सतराला एकोणसत्तर माशा निघाल्या. अठराला सत्त्याऐंशी. एकोणीसला त्र्याहत्तर. मुंगी पहाटे इस्पितळातून चालत घरी यायची आणि रंगारी बर्फ आणून ठेवून तिच्या जागी वॉर्डाबाहेरच्या बाकावर जाऊन बसायचा. आत जाता येत नव्हतं. दार उघडलं की लांबूनच खाट दिसे, आणि कोपऱ्यावरची खाट म्हणून ती अक्काची, एवढंच त्याला कळे. तीनशेला एकाहत्तर कमी होत्या आणि एक सकाळ उरली होती.

वीस तारखेला सव्वासहाला सिस्टर दार उघडून बाहेर आली. तिने रंगाऱ्याला नावाने हाक मारली नाही, नुसतं "तुम्ही या" म्हणाली. पहिल्यांदाच त्याला वेळ नसताना आत सोडलं. तो आत जाऊन आला. मग पायऱ्या उतरला आणि घराकडे चालायला लागला.

वाटेत त्याला मुंगी दिसत होती, खिडकीशी वाकलेली. आत्ता सांगितलं तर तिचा हात थांबेल, बर्फ वितळेल, माशा उठतील आणि उडून जातील. नाही सांगितलं तर? एक तास. एका तासाने काय बिघडणार होतं? अक्काचं तर आता काहीच बिघडणार नव्हतं. तासाने सांगितलं असतं तर मुंगीला कळलंही नसतं. हा विचार त्याच्याबरोबर अख्खा रस्ता चालला, आणि घराच्या दाराशी आला तेव्हाही त्याचं ठरलं नव्हतं.

मुंगीने वर पाहिलं नाही. भिंग डोळ्याला होतं, ब्रश माशांवर. "बाबा? तुम्ही का आलात?"

त्याला जिन्यातल्या दोन गोळ्या आठवल्या.

"अक्का गेली," तो म्हणाला.

ब्रश थांबला. कागदावर माशा निपचित पडल्या होत्या, खाली ताटलीत बर्फाचं पाणी होत आलं होतं.  मुंगीचे खांदे हलायला लागले आणि भिंगावर पाणी पडलं. तिने ते ओढणीने पुसलं, पुन्हा डोळ्याला लावलं, पुन्हा त्यावर पाणी पडलं. कडेच्या एका माशीने पंख हलवला.

"मला रेघा मारता येत नाहीयेत, बाबा," ती म्हणाली. "दिसतंय, पण दोन्ही होत नाही."

रंगारी तिच्या शेजारी खाली बसला. वही मांडीवर घेतली, पेन्सिल घेतली, मधोमध एक उभी रेघ ओढली. "तू सांग. मी ओढतो."

"लाल," मुंगी म्हणाली. "लाल. तपकिरी. लाल. तपकिरी. तपकिरी. लाल."

त्याने तिच्या दर शब्दाला एक रेघ ओढली, पाचवी आडवी. मध्येच तिचा आवाज जाई, तेव्हा तो पेन्सिल टेकवून थांबे, पुढची रेघ आपल्या मनाने ओढत नसे. शेवटच्या नऊ माशा पाय झाडायला लागल्या होत्या. मुंगीने ब्रशच्या टोकाने त्या एकेक दाबून धरल्या, रंग सांगितला आणि स्पिरिटच्या बाटलीत टाकल्या. त्यांतल्या दोन मात्र उडाल्या.

"त्या दोन?" रंगाऱ्याने विचारलं.

"मी पाहिल्या नाहीत. नका धरू."

लाल एकोणपन्नास झाल्या, तपकिरी तेवीस. चार दिवसांच्या सगळ्या मिळून तीनशे एक. मुंगीने बाटलीला बूच लावलं, ब्रश धुऊन त्याचे केस बोटांनी सरळ केले, आणि दोघं इस्पितळाकडे निघाले. एकवीस तारखेला मॅडमनी वहीवर सही केली. आकड्यांबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, फक्त शेवटच्या पानावरच्या रेघा वेगळ्या हाताच्या दिसतात, त्या कुणाच्या, असं त्यांनी विचारलं आणि मुंगीने सांगितलं.

अक्का फेब्रुवारीच्या वीस तारखेला, सकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी, बायकांच्या वॉर्डात कोपऱ्यावरच्या खाटेवर वारली. त्या वेळी तिच्याजवळ घरचं कुणी नव्हतं.